लोहाराची फटफटी आणि सुईणीचा हात

फार फार वर्षांपूर्वी, असं म्हणायची रीत आहे खरी. पण या गोष्टीत फटफटी आहे, म्हणून आपण नुसतं ‘एकदा’ म्हणू.

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार आणि त्याची बायको राहत होती. बायको सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. लोहार मनाचा मऊ, पण हाताचा दांडगा. दार अडलं, घाल लाथ. झाकण अडलं, हाण हातोडा. बायकोवर मात्र त्याचा भारी जीव. ती कुणा अडलेल्या बाईकडे निघाली, की फटफटीवरून पोचवायला हा आधी तयार.

एका सकाळी घाटापलीकडच्या वाडीतून निरोप आला. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या होत्या. चालत जायचं तर अख्खा दिवस मोडणार. दोघं फटफटीवर बसली आणि वेशीपाशीच ती बंद पडली. थोडं थांबल्यावर सुरू झाली, नि शंभर पावलांवर पुन्हा गप्प. शेवटी ढकलत घरी आणली.

लोहाराने किका मारमारून पाय दुखवून घेतला. मग हातोडा उचलला.

“अवो, मारताय कशाला तिला?” सुईण म्हणाली. “थांबल्यावर चालतीया, म्हंजी जीव हाय तिच्यात. पेट्रोल खाली थेंबथेंब उतरतंय. वाट कुठंतरी तुंबलीया.”

लोहाराला पटलं. भट्टीपासून लांब, अंगणाच्या कडेला त्याने टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवून घेतलं. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची चावी, दोन स्क्रू सोडवून बाहेर काढला. त्याच्या टोकाला बोटभर जाळी होती, अगदी बारीक विणीची. तिच्यावर गंजाचा आणि गाळाचा लेप बसला होता.

“आत्ता खरवडतो!” लोहाराने खिळा घेतला.

सुईणीने त्याच्या हातावर चापट मारली. “फाटली तर सगळी घाण इंजनाकडं जाईल. द्या इकडं.”

तिने जाळी वाटीभर पेट्रोलात भिजत घातली. लोहार येरझाऱ्या घालू लागला.

“अगं, तिकडं ती पोर तळमळत आसंल!”

“म्हनूनच म्हनते, दम धरा.”

गाळ मऊ झाल्यावर तिने तो चिंधीने हळूच टिपला. जाळी उन्हात धरली, तर पलीकडचं तुळशीवृंदावन दिसलं.

कॉक बसवायचं काम मात्र लोहाराने मागून घेतलं, आणि सवयीने एकच स्क्रू करकचून आवळला. कॉक आणि टाकीमधली रबरी चकती सरकली. पेट्रोल ओतताच खालून गळू लागलं. बिचारा ओशाळला. सुईण हसली. पेट्रोल पुन्हा काढून तिने चकती नीट बसवली आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. आता थेंब गळेना. फटफटीने एका दमात घाट ओलांडला.

वाडीत पोचताच सुईण लगबगीने पहिलटकरणीच्या घरात गेली. लोहार ओट्यावर टेकला. आत त्या पोरीच्या सासूबाई तिच्यावर ओरडत होत्या, “आगं जोर लाव, जोर!”

लोहाराला राहवलं नाही. “मावशी, आमची कारभारीण सांगंल तवाच जोर लावू द्या! निस्त्या जोरानं काय व्हतंय, ते म्या आज बघितलंय!”

कळा सोसतानाही ती पोर खुदकन हसली. घटकाभराने बाळ रडलं, आणि ओट्यावर दांडगा लोहारही रडला.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: अडलेलं जोराने तुटतं, जाणत्या हाताने मोकळं होतं.