कंदिलाचा पोचा

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगर ओलांडायचा तर बैलांच्या पाठीवर माल लादून पायी जावे लागे, तेव्हाची ही हकिगत.

एका घाटमाथ्यावर लहानसे गाव होते. गावाबाहेरच्या माळावर व्यापाऱ्यांचे तळ पडत. तळ उठला की मागे चुलींची राख उरे आणि कधीमधी एखादा फुटका कंदील, नाहीतर पंप बिघडलेला पितळी स्टोव्ह. गावातला हैबती त्या वस्तू उचलून घरी आणी. त्याचा तेलाचा घाणा होता, पण जीव सारा या मोडक्या वस्तूंत.

चिंच आणि राख घेऊन तो पितळ घाशी. पोचे ठोकून सपाट करी. गळक्या टाकीला डाक लावी, पंपात चामड्याचा नवा वायसर बसवी. मेलेला स्टोव्ह पुन्हा निळ्या ज्योतीने फुरफुरू लागला की त्याच्या चेहऱ्यावर असे समाधान दिसे की विचारू नका. ओसरीवर त्याने फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर कंदिलांच्या रांगा लखलखत असत. वाटसरू थांबून पाहत.

"असा करतो, की कालच बाजारातून आणला वाटावा," हैबती म्हणे.

त्याची बायको साळू एकदा म्हणाली, "कालचाच हवा असता तर कालचाच आणला असता की. जुना कशाला गोळा करता?"

हैबतीने ते हसण्यावारी नेले.

एका दुपारी घाट चढून दोन बाया ओसरीशी आल्या. एक म्हातारी होती. तिचे नाव कोंडाबाई, आणि तिला डोळ्यांनी दिसत नव्हते. दुसरी तिची लेक मैना. तिनेच आईचा हात धरून आणले होते. साळूने दोघींना पाणी दिले, गूळ दिला.

मैना म्हणाली, "दादा, माझे वडील याच वाटेने मालाचे बैल नेत. मी लहान असताना इथल्या माळावर त्यांचा तळ होता, तेव्हा एक बैल धुक्यात चुकला. त्याला शोधायला ते कंदील घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. तुम्ही वाटेवरचे कंदील गोळा करता असं एका व्यापाऱ्यानं सांगितलं, म्हणून आलो."

"लोक म्हणाले, बैल विकून पळाला. दुसरं घर केलं," कोंडाबाई शांतपणे म्हणाली. "मी काही बोलले नाही. काय बोलणार? पण जायच्या आधी एकदा कळावं, एवढंच. मला कंदील हातात दे. मी ओळखीन. टाकीवर पोचा आहे, या मैनेनंच पाडला होता. आणि दांडीला माझ्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली आहे. दांडी तापायची, यांच्या हाताला चटका बसायचा."

हैबती एकेक कंदील तिच्या हातात देऊ लागला. म्हातारी टाकीवरून बोटे फिरवी, दांडी चाचपी आणि मान हलवी.

"सगळे एकासारखे एक लागतात रे," ती शेवटी म्हणाली. "यात नाही तो."

मैनेने आईची काठी उचलली. हैबती फळ्यांकडे पाहत उभा राहिला. तो कंदील कोणता, हे त्याला ठाऊक होते. मधल्या फळीवर सगळ्यांत जास्त चमकणारा तोच; तोही तिच्या हातून ओळखल्याविना परत आला होता. त्याचा पोचा त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. पट्टी चुलीत घातली होती. गप्प राहिला असता तर दोघी आल्या वाटेने निघून गेल्या असत्या आणि कुणाला काही कळले नसते.

"थांबा, आजी," तो म्हणाला. त्याने तो कंदील उतरवून तिच्या मांडीवर ठेवला. "हा तो. पोचा मी ठोकून काढला. पट्टी जाळली. मला वाटलं, घाण आहे."

कोंडाबाईची बोटे गुळगुळीत पितळेवरून फिरत राहिली.

"पट्टी कसली होती?"

"हिरवी. काठ पिवळा."

म्हातारीने कंदील घट्ट धरला. "कुठं सापडला?"

"घाटात जुनी दरड कोसळलेली आहे. वाट रुंद करायला आम्ही तिथली माती उपसली, तेव्हा निघाला. जवळच बैलाच्या गळ्यातलं दावं होतं. तेही मी फेकून दिलं."

"दरडीच्या कुठल्या अंगाला? पलीकडच्या, की माळावरच्या तळाकडच्या?"

हैबतीने आठवून पाहिले. "तळाकडच्या. बैल घेऊन ते परत येत होते, आजी."

मैना पदर तोंडाला लावून रडत होती. कोंडाबाईचा चेहरा मात्र हळूहळू सैल होत गेला.

हैबतीने हात जोडले. "हा घेऊन जा."

"नको, लेकरा. तू खरं बोललास, ते मी घेऊन जाते. हा कंदील मला ओळखीचा लागत नाही. यावर आता तुझाच हात जाणवतो."

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते हैबतीला फार लागले. तो दोघींना दरडीपर्यंत घेऊन गेला. कोंडाबाईने तिथल्या दगडावर डोके टेकले, आणि मायलेकी उतरणीला लागल्या.

पुढे हैबतीचा छंद सुटला नाही, पण हात बदलला. गळती तो थांबवी, वात घाली, काच बसवी. पोच्याला आणि खुणेला मात्र विचारल्याशिवाय हातोडी लावीत नसे. काही दिवसांनी एका गाडीवानाने आपला स्टोव्ह दुरुस्तीला आणला. त्याच्या टाकीवर वेड्यावाकड्या रेघा कोरलेल्या होत्या.

"या रेघा कुणाच्या?" हैबतीने विचारले.

गाडीवान ओशाळला. "धाकट्या भावानं खिळ्यानं ओढल्यात. तो आता नाही. तुम्ही घासून टाकणार असाल तर स्टोव्ह बिघडलेलाच राहू दे म्हणून इतके दिवस आणला नव्हता."

"बसा," हैबती म्हणाला. "ज्योत नीट करून देतो. रेघा आहेत तिथंच राहतील."

तात्पर्य: मोडले असेल ते जोडावे, पण वस्तूवर उमटलेला माणूस पुसू नये.