नंदादीप आणि औषधाचा डबा

“अप्पा, नंदादीप कुठं ठेवू?”

मल्लय्या कमरेपर्यंत भिजून शाळेच्या दारात उभा होता. हातात मठातला दिवा, तेवता. नावेतून, पावसातून त्यानं तो विझू न देता आणला होता. नव्वद वर्षं न विझलेला दिवा. त्याचा उजेड मल्लय्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच पडला होता.

महापुरामुळं गाव उंचावरच्या शाळेत येऊन राहिलं होतं. मठाचे म्हातारे स्वामी, सगळ्यांचे अप्पा, आदल्या दुपारीच आजारी माणसांना घेऊन पहिल्या नावेनं आले होते. निघताना शिष्याला एवढंच म्हणाले होते, की मागून जे लागेल ते घेऊन ये.

लोक उठून दिव्याला हात जोडू लागले. शिष्य असावा तर असा, असं कोणी म्हणालं. मल्लय्याला ते ऐकू आलं, आणि ऐकू न आल्यासारखं दाखवणं काही त्याला जमलं नाही.

अप्पा पिण्याच्या पाण्याच्या पिंपात क्लोरीनचे थेंब टाकत होते. ते मोजून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“औषधाचा डबा?”

मठात रोज सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालायचा. साखरेची, रक्तदाबाची औषधं गावाला तिथंच मिळायची. इंजेक्शन देणारा मल्लय्याच. त्यासाठी तो शहरात जाऊन शिकून आला होता.

“राहिला, अप्पा. दिवा सांभाळत होतो… हात मोकळे नव्हते.”

कोपऱ्यात गंगव्वा पडून होती. काल संध्याकाळचं आणि आज सकाळचं, दोन्ही वेळचं इन्सुलिन चुकलं होतं. रात्रभर ती पाणी मागत होती. आता मागायचीही थांबली होती.

मल्लय्यानं तिच्याकडे पाहिलं…

अप्पा उठले, जवळ आले आणि त्यांनी दिव्यावर फुंकर घातली.

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

अप्पांनी विझलेला दिवा त्याच्या हातातून काढून खिडकीत ठेवला, आणि नावेकडे बोट केलं.

मल्लय्या गेला. रडतच गेला, हे पुढं त्यानं स्वतःच सांगितलं. दवाखान्यात पाणी छातीपर्यंत चढलं होतं. डबा वरच्या फळीवर होता म्हणून वाचला.

दुपारच्या आत गंगव्वाला इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहा मागितला, आणि बिनसाखरेचा दिला म्हणून कुरकुरली. ती कुरकुर ऐकून मल्लय्याला फार बरं वाटलं.

त्यानं रोजच्या वेळेला शाळेच्या व्हरांड्यात दवाखाना मांडला. माणसं रांगेत बसली. पण नजर सगळ्यांची खिडकीकडे. शेवटी त्याला राहवलं नाही.

“अप्पा, लोक विचारतात, नव्वद वर्षांचा दिवा तुम्ही विझवलात कशाला… त्यांना काय सांगू?”

अप्पा पुढच्या पिंपात थेंब मोजत होते.

“सांग, हात मोकळे नव्हते.”