झाकणांची खोली

फार पूर्वी, जेव्हा माल शिडाच्या गलबतांतून यायचा, तेव्हा एका खाडीकाठच्या गावात एक लांबलचक वखार होती. परगावचे व्यापारी तिथल्या खोल्यांत आपला माल ठेवून जात. बरेचसे परत येत, काही येत नसत. न आलेल्यांच्या खोल्यांचा वर्षातून एकदा लिलाव व्हायचा.

लिलावाचे नियम जुने होते. राखणदार आजोबा कुलूप काढून दाराची एक फळी उघडत. बघायचं ते उंबऱ्याबाहेरून, आत पाऊल टाकायचं नाही. ज्याने खोली घेतली त्याने ती सूर्य मावळायच्या आत रिकामी करून, झाडून द्यायची. ते जमत नसेल तर तिला पुन्हा कुलूप लावावं आणि तिथल्या तिथे दुसऱ्या कुणाला विकावी.

त्या गावात एक बाई राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. बाजाराच्या दिवशी भेंडीच्या डेरेदार झाडाखाली गोणपाट अंथरून ती जुनं सामान विकायची. हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पाट घेतला तर त्याचा एक पाय आखूड निघायचा. कंदील घेतला तर काच तडकलेली. आणि वस्तू चांगली असली तरी गिऱ्हाईक ती उलटीसुलटी करून विचारायचं, "कुणाची होती हो? आणि त्यांनी का टाकली?" आक्काला जे माहीत असेल ते ती सांगायची. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायची. त्यामुळे तिचं सामान हळूहळू खपायचं.

त्याआधी कितीतरी वर्षं ती बाजारातल्या शेठच्या दुकानात जुनी भांडी चिंचेने घासायची. तिच्या बोटांची कातडी अजून खरखरीत होती. भेंडीखालची जागा लहान होती, पण स्वतःची होती.

त्या वर्षी लिलावात एक फळी उघडली आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. उंबऱ्याजवळ तांब्याचे हंडे ओळीने मांडलेले होते. त्यांच्यामागे आढ्यापर्यंत गोणी होत्या. एक गोण उसवली होती आणि तिच्यातून पितळेची कड चमकत होती.

'पुढे हंडे आहेत, म्हणजे गोणींत पातेली, तपेली, घागरी असणार,' आक्काच्या मनात आलं. साठवलेलं सगळं तिने या एका खोलीवर लावलं.

"एकवार... दोनवार... तीनवार!" आजोबा ओरडले. "आक्का, खोली तुझी!"

आक्का आत गेली. तिने पहिली गोण सोडली. आत झाकणं. दुसरी सोडली. झाकणं. घाईघाईने तळातली एक गोण ओढून तिचं तोंड फाडलं, तर झाकणं घरंगळत थेट उंबऱ्याबाहेर गेली आणि लोकांच्या पायांशी गोल गोल फिरून खणखणत आडवी पडली.

"आजोबा, भांडी कुठे आहेत?" तिने विचारलं.

आजोबांनी डोकं खाजवलं. "आत्ता आठवलं बघ. त्या व्यापाऱ्याने भांडी एका गलबतातून धाडली होती आणि झाकणं दुसऱ्या. भांड्यांचं गलबत काही पोचलं नाही. हे हंडे तेवढे नमुन्याला आले होते."

दारात शेठ उभे होते. त्यांना हसू आवरेना. "आक्का, झाकायला घेतलंस आणि शिजवायचं विसरलीस!"

लोकही हसले. एकेक करून ते पुढच्या खोलीकडे निघून गेले, तसे शेठ जवळ आले. त्यांचा आवाज खाली गेला, अगदी घरच्या माणसासारखा झाला.

"हे बघ, माझ्याकडे शिकलीस म्हणून सांगतो. सांडलेलं भर, हंडे पुसून होते तसे पुढे मांड, कुलूप लाव. ते नवरा-बायको दिसतात ना? पलीकडच्या तीरावरून आलेत. नवं दुकान टाकायचंय त्यांना. आल्यापासून रिकाम्या हाताने फिरतायत. एकच फळी उघड. तू काही बोलू नकोस, हंडे बोलतील."

"आणि नाही विकलं तर?"

"तर काय? चिंच भिजतच असते माझ्या दुकानात. उद्यापासून ये घासायला."

आक्काने झाकणं गोणींत भरली. हंडे पदराने पुसून ओळीने मांडले, कुलूप लावलं आणि त्या दोघांना हाक मारली. ते आले तसं तिने कुलूप काढलं.

एक फळी उघडली. नवरा मागेच उभा राहिला. बायको मात्र उंबऱ्यापाशी वाकली. "अगं बाई, केवढे हंडे! अहो, मागे बघा, ती उसवलेली गोण. किती चमकतंय! गोणींत पण भांडीच असतील, नाही?" आणि तिने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. तिच्या मनगटावर बांगड्या नव्हत्या. त्या होत्या तिथे फिकट पट्टा तेवढा उरला होता.

आक्का तिच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळापूर्वी ती स्वतः याच उंबऱ्यापाशी अशीच वाकली होती, आणि तिच्याही मनात हेच आलं होतं.

तिने दुसऱ्या फळीला खांदा लावला. ती फळी वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. बिजागरं अशी किंचाळली की पुढच्या खोलीशी जमलेला सगळा लिलाव मागे वळला. लख्ख ऊन आतल्या भिंतीपर्यंत गेलं. आक्काने एकेका गोणीचं तोंड उघडून दाखवलं.

"ताई, हंडे एवढेच. बाकी सगळी झाकणं आहेत. एकालाही खाली भांडं नाही. मलाही घेतल्यावरच कळलं."

शेठने कपाळाला हात लावला. नवऱ्याने मोठा श्वास सोडला. बायको मात्र खुदकन हसली. "एवढी झाकणं! आणि आमच्या दुधाच्या टोपाला एक नाही. रोज मांजर येऊन जातं."

ते दोघे निघून गेले. खोली मात्र आता सताड उघडी होती. जो तो डोकावत होता, हसत होता आणि घरी जाऊन सांगत होता.

दिवस मावळेपर्यंत आक्काने गोणी डोक्यावरून घरी नेल्या आणि वखारीची खोली झाडून दिली. घरात तिला पाय ठेवायला जागा उरली नाही. कूस बदलली तरी काहीतरी खणकन वाजायचं. हंडे लगेच विकले गेले आणि त्यावर थोडे दिवस निघाले. झाकणं मात्र हलेनात. टोपलीत घालून ती दारोदार हिंडली. "द्या की," बायका म्हणायच्या. पण कुठे झाकण मोठं व्हायचं, कुठे भांड्यात बुडायचं, आणि बरोबर बसणारं नेमकं घरी राहिलेलं असायचं. एका संध्याकाळी तिने टोपली खाली ठेवली, आपली खरखरीत बोटं पाहिली आणि चिंचेचा वास आठवला.

पुढच्या बाजारी भेंडीच्या झाडाखाली तो पलीकडच्या तीरावरचा नवरा येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक तांबडा दोरा होता.

"आमच्या घरच्यांनी दिलाय," तो जरा लाजत म्हणाला. "टोपाच्या तोंडाला गुंडाळून गाठ मारलीय. म्हणाल्या, त्या आक्कांकडे ढीग बघितलाय, या मापाचं असणारच."

आक्काने तो दोरा एका झाकणाच्या कडेला लावून पाहिला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. एका झाकणाला तो असा बसला की टोक बरोबर गाठीवर आलं.

शेजारची भाजीवाली हे बघत होती. तिने लगेच पिशवीची नाडी काढली आणि भांड्याचं माप घ्यायला घरी पाठवली. त्यानंतर दोरे येऊ लागले. सुतळ्या आल्या, लुगड्याचे काठ आले, पतंगाचा मांजा आला. एक आजोबा तर कमरेचा करदोटाच सोडून घेऊन आले होते आणि एका हाताने धोतर सावरत उभे होते.

"आजोबा, आधी तुमचंच काम करते," आक्का म्हणाली.

गावात अशी चूल नव्हती, जिच्यावरच्या एखाद्या भांड्यावर ताटली पालथी घातलेली नव्हती. आणि आक्काकडे झाकणं आहेत हे त्या दिवशी उघड्या दारातून सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन गोणी तिने पलीकडच्या तीरावरच्या जोडप्याला दिल्या, "विकून मग पैसे द्या" म्हणून. त्यांचं दुकान झाकणांवरच सुरू झालं.

एके दिवशी शेठ आले. त्यांची मूठ मिटलेली होती. इकडेतिकडे बघून त्यांनी ती हळूच उघडली. आत दोरा होता.

"घरी ताकाचं भांडं आहे..."

आक्काने झाकण शोधून दिलं, फडक्याने पुसूनही दिलं. मग म्हणाली, "शेठ, शिजवायचं मात्र विसरू नका." शेठ आधी गोरेमोरे झाले आणि मग पोट धरून हसले.

पुढच्या वर्षी लिलावाला राखणदार आजोबांनी नेहमीसारखी एक फळी उघडली. जमलेले लोक एका सुरात म्हणाले, "दोन्ही उघडा!" आजोबांनी निमूटपणे तेलाची वाटी आणली आणि बिजागरांना बोट लावलं.

आक्काकडे शेवटी एकच झाकण उरलं. ते कुणाच्याच दोऱ्याला बसलं नाही. तिने ते भेंडीच्या फांदीला टांगलं. बाजार भरला की ती पळीने त्याच्यावर एक टोला द्यायची. तो खणखणाट पलीकडच्या तीरापर्यंत जायचा.

तात्पर्य: आपल्या मालातली खोट लपवली तर फार तर एकाला फसवता येतं; ती उजेडात ठेवली, तर ज्याला नेमकी तीच वस्तू हवी आहे त्यालाही ती दिसते.