खाजकुयलीची कोरी चौकट

सावरेकोंडच्या सहाणेमागे जांभ्याची एक बुटकी भिंत आहे. शिमग्यात देवीची पालखी जिथे बसते ती सहाण, आणि पालखी बसली की त्या भिंतीवर ‘खाजकुयली’ची पानं खळ लावून चिकटवतात. खाजकुयली हे या गावचं विनोदी मासिक. मासिक आपलं म्हणायचं, निघतं वर्षातून एकदा, शिमग्याला. सारं गाव भिंतीशी गर्दी करून आपापली फजिती वाचतं. शेवटच्या पानावर मात्र जाड काळ्या रेघांची एक चौकट असते आणि तिच्यात काहीच नसतं. पाहुणे, फोटो काढा, माझी ना नाही. पण मागे एक जोडपं आलं होतं, ते त्या चौकटीकडे बोट दाखवून छपाई चुकली म्हणून खिदळत बसलं. तसं करू नका. ती जागा मुद्दाम सोडलेली आहे, आणि जिनं सोडली तिचं नाव अनुसया रत्नू भुवड. गाव तिला अनशी म्हणायचं.

अनशीचा बाप रत्नू शिमग्यातल्या नमनाच्या खेळात मावशीचं सोंग घ्यायचा. गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली ती मावशी, लुगडं नेसून रत्नू मांडावर आला की माणसं पोट धरून हसायची, असं सांगतात. बरं, त्या काळी गावात पहिला मान होता भिकाजी मांडवकरांचा. त्यांना तात्या म्हणत. पालखीचा पहिला नारळ त्यांच्या हातात पडायचा. तो घेण्याआधी तात्या घसा खाकरायचे, मान वळवून चारी बाजूंना बघायचे, सगळ्यांचं लक्ष आहे ना याची खात्री करायचे, आणि मगच हात पुढे करायचे. एका शिमग्यात रत्नूच्या मावशीला कुणीतरी भोपळा देऊ केला. मावशीनं घसा खाकरला, चारी बाजूंना बघितलं, आणि मग हात पुढे केला. बस, एवढंच केलं त्यानं. माणसं इतकी हसली की पालखी खांद्यावर घेतलेले भोईसुद्धा हलले, आणि त्यांच्याबरोबर पालखीही हलली. तात्यांना वाटलं, देवीसुद्धा आपल्याला हसली म्हणे.

पालखी देवळात परतली तशी तात्यांनी गावकी बसवली आणि भुवडांचं घर वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी बंद, दुकानात मीठमिरची बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद. रत्नूनं चारचौघांत नाक घासलं, तरी तात्यांचं मन भरलं नाही. रत्नू पुन्हा कधी हसला नाही, बोलायचासुद्धा तोडकंमोडकं. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेला. खांदा द्यायला भावकीतलं एक माणूस उंबऱ्याशी आलं नाही. गुरवांचा मुकुंद आणि खाडीपलीकडचा हसन मुकादम, अनशीचे शाळेपासूनचे सवंगडी, ते दोघे आले. हसननं आपला भाऊ आणला. चौथा खांदा अनशीनं स्वतः दिला. तात्या आपल्या ओटीवरून बघत होते. तिनं त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि तिथेच मनाशी गाठ मारली, या माणसाला मी सोडणार नाही.

आता सूड घ्यायचा तर कसा? घर जाळायचं? विहिरीत काही टाकायचं? तसल्या गोष्टी तिच्या मनात आल्या नसतील असं मी म्हणणार नाही, पण तिनं केल्या नाहीत. बाप गेल्यावर बंदी आपोआप सैलावली, माणसं पाण्याला आडवी येईनाशी झाली, आणि ती गप्प राहून दिवस काढत होती. लग्न झालं नाही तिचं. त्या घराशी सोयरीक कोण करणार होतं?

पुढे मुकुंद गावच्या शाळेवर गुरुजी झाला आणि हसन रत्नागिरीला एका कचेरीत लागला. कचेरीनं भंगारात काढलेलं सायक्लोस्टाइलचं मशीन हसननं एसटीच्या टपावर घालून गावात आणलं. मासिकाची कल्पना अनशीची. शिमग्यात तोंडाला कुलूप नसतं, कुणी कुणाला काही बोललं तरी राग धरायचा नाही, ही जुनी रीत. त्या रीतीच्या आडोशानं अंक काढायचा असं ठरलं. नावही तिनंच दिलं. रानातली खाजकुयली अंगाला लागली की माणूस कसा नाचतो ते इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे.

मुकुंदनं बैठक मारून पहिला लेख लिहिला तो तात्यांवर. तो लेख वाचून हसन ओटीवर लोळला म्हणे. अनशीनं कागद घेतला, शांतपणे वाचला आणि चुलीत घातला.

मुकुंद चिडला. “अनशे, तुझ्यासाठीच लिहिलं ना गो मी? मग सूड कसला घेणार तू?”

“माझ्या बापाचं त्यानं पाणी बंद केलं,” अनशी म्हणाली. “मी त्याचं हसू बंद करणार. अंकात सगळं गाव येईल. तो येणार नाही. त्याचं नाव नको, आडनाव नको, सावलीसुद्धा नको.”

पहिला अंक निघाला. पोलीसपाटलाचं घोरणं त्यात होतं, मुकुंदचा बाप प्रसादाच्या पातेल्यात पाय घालून पडला ते होतं, आणि अनशीनं स्वतःच्या भाकऱ्यांचे वेडेवाकडे नकाशेही काढून दिले होते. दोन दिवस गाव रुसलं, मग हसायला लागलं, मग हळूहळू आपली फजिती पाहुण्यांना दाखवायला लागलं. वर्षात जो मेला असेल त्याचीही एक गंमत शेवटच्या पानावर त्याच्या वेगळ्या चौकटीत यायची. घरची माणसं ती वाचून रडायची आणि हसायची. अशानं म्हातारी माणसं म्हणायला लागली, मेलो तरी चालेल, चौकट चांगली लिहा रे.

तात्यांनी अंक वाचून घेतला. आपण कुठेच नाही म्हटल्यावर मिशीवर ताव दिला. “हिंमत झाली नाही भुवडणीची,” असं ते चारजणांत बोलले. पुढच्या वर्षीही ते नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोचं खारट झालेलं लोणचं अंकात आलं, त्यांच्या म्हशीनं पाटलाचं धोतर खाल्लं तेही आलं. म्हैस आली, मालक नाही. देवळातल्या भांडणाची हकिगत आली, ज्यात सगळ्यात मोठ्यानं तात्याच ओरडले होते, आणि हकिगतीत ते कुठे नव्हतेच. गावात बोलणं निघायचं ते अंकावरून. पारावर माणसं एकमेकांना त्याच नावांनी चिडवायची. तात्या आले की गप्पा बंद पडायच्या. तसा राग कुणाच्या मनात नव्हता, त्यांच्याशी बोलायला कुणाकडे काही उरलं नव्हतं एवढंच.

मग तात्या घसरले. म्हणजे खरोखर चिखलात घसरले, सहाणेसमोर, मुद्दाम. एकदा सदरा उलटा घालून पालखीला आले. माणसं मान फिरवून उभी राहिली. अंकात ओळ आली नाही. अनशी सगळं बघत होती, आणि तिला ते गोड लागत होतं. का लागू नये? मला विचाराल तर मलाही लागलं असतं.

शेवटी एका चैत्रातल्या दुपारी म्हातारा काठी टेकत भुवडांच्या अंगणात येऊन उभा राहिला. मुकुंद आणि हसन ओटीवर बसलेले होते. तात्यांनी पाणी मागितलं. ज्यानं त्या घराचं पाणी तोडलं होतं त्याला अनशीनं तांब्याभर पाणी आणि वर गुळाचा खडा दिला.

“अनशे,” तात्या म्हणाले, “एक ओळ लिही. शिवी घाल हवी तर.”

“ओळ नाही, तात्या. चहा ठेवते, बसा.”

तात्या बसले नाहीत. खांद्यावरचा पंचा त्यांनी पदरासारखा डोक्यावरून घेतला. अंगणात पडलेला एक नारळ हसनच्या हातात दिला आणि आपल्याला द्यायची खूण केली. मग त्यांनी घसा खाकरला, चारी बाजूंना बघितलं आणि हात पुढे केला. रत्नूची मावशी. तोच कमरेतला बाक, तीच मान. आपली नक्कल करणारं ते सोंग म्हाताऱ्यानं इतकी वर्षं बारीकसारीक तपशिलासह मनात जपलं होतं. हसन तोंड दाबून घरामागे पळाला. मुकुंदच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. अनशीला अंगणात आपला बाप दिसला. हसू तिच्या गळ्याशी आलं होतं, बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा. तिनं पदराचं टोक दातांत धरलं आणि हसली नाही.

तात्या तसेच वाकून उभे होते. “बरं नाही झालं का गो?” त्यांनी विचारलं.

“माझा बाप बरं करायचा,” अनशी म्हणाली. “उन्हं उतरली की निघा, पाय भाजतील.”

त्याच वर्षी तात्या गेले. त्यांच्या मयताला सारं गाव लोटलं, खांद्यासाठी माणसं हमरीतुमरीवर आली. अनशीसुद्धा गेली. पुढच्या शिमग्याला अंकाच्या शेवटच्या पानावर तात्यांची चौकट आखली होती, आणि आत अक्षर नव्हतं. भिंतीसमोर त्या दिवशी कुणी हसलं नाही, असं सांगतात. तात्यांचा मुलगा अनशीच्या पाया पडला. तिनं त्याला उठवलं, जेवू घातलं, आणि चौकट पुढच्या वर्षीही कोरी ठेवायला सांगितलं. मरतानाही तिनं गावाकडून तोच शब्द मागून घेतला, ही चौकट दर वर्षी कोरी राहील. काहीजण म्हणतात, बाईनं फार ताणलं. तसं म्हणणाऱ्यांच्या बापाला खांदा मिळालेला असतो.

आजही मांडवकर हे आडनाव खाजकुयलीत छापत नाहीत. त्या घरात आलेल्या सुनेची फजिती तिच्या माहेरच्या आडनावानं येते, आणि त्या घरातलं कुणी वारलं तर त्याच्या चौकटीत आडनाव गाळून नुसतं नाव असतं. गेली काही वर्षं अंकाचा संपादक तात्यांचाच पणतू आहे, हुशार पोरगा, अनशीला त्यानं पाहिलंही नाही. पहिल्या वर्षी गावानं त्याला सांगितलं, आता तुझ्या हातात आहे, आडनाव छाप. त्यानं छापलं, ‘संपादक : प्रसन्न’, आणि पुढची जागा सोडून दिली.