लांडग्याला दिलेलं भाषण

त्या राज्यात गोष्टी लिहिणाऱ्यांना एकच नियम होता. महाराजांविषयी वाईट लिहायचं नाही, आणि का नाही, हे विचारायचंही नाही. कुमुदला तो तिच्या गुरूंनी, नागेशशास्त्र्यांनी, लहानपणीच पढवला होता.

म्हणून तिने मेंढ्यांवर राज्य करणाऱ्या लांडग्याची गोष्ट लिहिली. ती गावोगाव वाचली जाऊ लागली, तशी पंडितसभेने कुमुदला बोलावून घेतलं. सभेचे प्रमुख नागेशशास्त्रीच होते.

"हा लांडगा म्हणजे आपले महाराज, हे आंधळ्यालाही कळेल," ते म्हणाले. "आणि त्याचं ते भाषण! 'मी जागतो म्हणून तुम्ही झोपता. जो मला प्रश्न विचारेल, तो कळपाचा वैरी.' इतकं क्रूर बोलणं सुचतं तरी कसं तुला? खोड ते, नाहीतर कोठडीत जाशील."

"मला कुठे सुचलं, शास्त्रीबुवा? दसऱ्याच्या दरबारात महाराजच हे बोलले, शब्दन् शब्द. तुम्ही सगळे पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होतात. मी फक्त बोलणाऱ्याला शेपूट लावलं."

"अगं, पण तेव्हा ते तसं वाटलं नव्हतं," एक म्हातारे पंडित चाचरत म्हणाले.

"म्हणून तर गोष्ट लिहावी लागते, आजोबा. मी एक अक्षरही खोडणार नाही. महाराजांचं जे वाक्य तुम्हाला क्रूर वाटतं, ते तुम्हीच खोडा आणि शेजारी सही करा."

तिने लेखणी पुढे धरली. एरवी शब्दाशब्दाचा कीस काढणारे ते सगळे पंडित आपापल्या पायांकडे बघू लागले; लेखणी कोणीच हातात घेतली नाही.