तिला काय, ती लोखंडाची

एका राज्यात फक्त भांडी राहायची. तांब्याची, पितळेची, नवीकोरी, पोचे पडलेली, सगळी. माणूस औषधालाही नाही. आणि तिथला नियम एकच होता : आतून कल्हई असेल तर भांडं जगतं. कल्हई म्हणजे तो आतला चांदीसारखा पांढरा थर. तो झिजला की आधी आतलं ताक कळकतं, मग भांडंच कळकतं. हिरवा थर चढतो, भोक पडतं, आणि भांडं मोडीत जातं. मोडीतून परत आलेलं भांडं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

या राज्यात बारा गल्ल्या जिथे येऊन मिळतात, तिथे एक कल्हईची छपरी होती. छपरी म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली शेगडी. आणि स्टाफ म्हणाल तर दोघं! एक म्हातारा चामड्याचा भाता आणि एक लोखंडी सांडशी. भाता फुंकणार, सांडशी भांडं धरून निखाऱ्यांवर गरगर फिरवणार, कथील लावणार, पाण्यात बुडवणार. चर्रर्र! की झालं भांडं लख्ख. पण तेवढ्यावर ती सोडायची नाही. शेवटी काठावर एक टिचकी मारायची. "टण्ण" वाजलं की म्हणायची, "जा आता, पुढच्या दिवाळीला ये." आणि "थद्द" वाजलं की पुन्हा निखाऱ्यांवर. बारा गल्ल्यांतल्या प्रत्येक भांड्याचा आवाज तिला पाठ होता. संध्याकाळी काम संपलं की ती उबदार राखेत लोळायची, अंगावरचं पाणी सुकवायची. तेवढीच तिची चैन.

आणि भांड्यांची चैन म्हणजे दुपारची उतरंड. घासूनपुसून झालं की सगळी एकमेकांवर चढून बसायची, तळाशी हंडा, वर कळशी, त्यावर तांब्या, आणि मग ज्या काय गप्पा! उतरंडीत जागा नसली तर भांडं रडवेलं व्हायचं.

तर एका वर्षी हा हिरवा कळक वेगळाच आला. आधी तो ज्याचा त्याला व्हायचा. आता एकाचा दुसऱ्याला व्हायला लागला, नुसतं अंग घासलं तरी! एका दुपारी उतरंडीत तळाचा हंडा हिरवा दिसला, आणि दिवस मावळेपर्यंत त्याच्यावरची सातही हिरवी. आठवड्यात एकवीस भांडी मोडीत गेली. सगळी घाबरली आणि धावली कुठे, तर छपरीकडे. ही मोठी लाइन! काठाला काठ, पोटाला पोट लावून उभी.

सांडशीने लाइनीकडे पाहिलं आणि तिच्या हातातली कळशी जवळजवळ निसटलीच.

"भाताकाका, अहो हा तर इथेच वाटला जातोय! आपल्या दारात!"

त्या दिवशी तिने छपरी बंद केली आणि सगळ्यांना सांगितलं, "घरी जा. उतरंड बंद. आणि पालथे पडून राहा, म्हणजे आत काही जाणार नाही."

भांडी पालथी पडली. बारा गल्ल्या, एकही तोंड वर नाही. आणि नेमकी इथेच चूक झाली. धुतलेलं भांडं पालथं ठेवलं की आत ओल कोंडते, आणि अंधारात, ओलीत कळक नुसता माजतो. पंधरा दिवसांनी भांडी उचलली तर बाहेरून चकचकीत आणि आतून शेवाळल्यासारखी हिरवी. आणखी नऊ मोडीत गेली.

सांडशी चौकात उभी राहिली. कुणी विचारलंही नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाली, "पालथं पडायला मी सांगितलं होतं. चूक माझी. आता असं करा, आडवे व्हा. तोंड उन्हाकडे, वाऱ्याकडे. आणि दोघांमध्ये एक हातगाडी जाईल एवढं अंतर."

"आणि कल्हई?" एक तांब्या ओरडला. "छपरी तर बंद! आम्ही जायचं कुठे?"

"तुम्ही कुठेच जायचं नाही," सांडशी म्हणाली. "आम्ही येतो."

भाता फुसकन हसला. "माझं वय बघ गं! चामडं जागोजागी फाटलंय. मी फिरू गल्लोगल्ली?"

"तुम्ही नुसते बसा हो काका. फुंकायचं तर तिथेही आहेच की."

मग शेगडी चढली हातगाडीवर, भाता शेजारी, सांडशी पुढे, आणि निघाली वरात! पण भांडी हजार आणि शेगडी एक. कुणाकडे आधी जायचं? टिचकी मारून बघावं तर एकाला शिवून दुसऱ्याला शिवायची चोरी. यावर सांडशीने जे काढलं ना, ते सॉलिड होतं. तिने सांगितलं, रोज सकाळी प्रत्येक भांड्याने आपल्या घरातल्याच चमच्याकडून काठावर एकदा वाजवून घ्यायचं. ती चौकात उभी राहून ऐकणार. टण्ण आलं तर ती आपले दोन पाय मिटून "खट्" करणार, म्हणजे ऐकलं, बरं आहे. थद्द आलं तर खट् नाही, थेट गाडी दारात.

आता रोज सकाळी काय मैफल व्हायची! टण्ण, खट्. टिंग, खट्. टण्ण, खट्. दार न उघडता बारा गल्ल्यांना कळायचं, कोण कसं आहे. मोडीत जाणारी भांडी आठवड्याला दोनवर आली, मग एकावर.

गाडी मात्र थांबत नव्हती. एका दारातून दुसऱ्या, चर्रर्र, पुन्हा चर्रर्र. राखेत लोळायला वेळ कुणाला? सांडशीच्या बिजागरीत पाणी तसंच राहायला लागलं.

"जरा सुकव की अंग," भाता म्हणायचा.

"ही गल्ली झाली की."

आणि भांडी कौतुकाने एकमेकांना सांगायची, "कळक तांब्यापितळेला होतो. तिला काय, ती लोखंडाची!"

एके सकाळी सातव्या गल्लीतून थद्द आलं. सांडशीने ओळखलं. परातमावशी! बारा गल्ल्यांची सगळी लग्नं, बारशी यांची कणीक जिच्यात मळली गेली, ती. गाडी पळाली. बघते तर परात अजून पालथीच.

"मावशी, आडवं व्हायला सांगितलं होतं ना?"

"आडवी झाले तर घरंगळत जाईन. म्हणजे भिंतीला टेकावं लागणार. आमच्या घराण्यात कुणी भिंतीला टेकलेलं नाही हो."

"आणि आवाज?"

"चमच्याला सर्दी झालीय."

"मला कशाला हो!" चमचा म्हणाला.

"तू गप रे!" परात खेकसली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आत काय झालंय ते बघायचंच नाहीये मला. मोडीत जायचं तर न बघता जाते."

"तुम्ही नका बघू," सांडशी म्हणाली. "मी बघते. तुम्ही फक्त टेका."

परात टेकली. आत काठापासून काठापर्यंत हिरवं, मधोमध तर टाचणीएवढं भोक पडायच्या बेतात. आणि शेगडी हीऽ एवढीशी, परात गाडीपेक्षा रुंद! तेव्हा सांडशीने तिला भाकरी शेकावी तसं शेकलं. घासभर काठ निखाऱ्यावर, कथील, पाणी, चर्रर्र. पुढचा घास. प्रत्येक वेळी वाफ आणि पाणी सरळ सांडशीच्या बिजागरीवर. भाता फुंकून फुंकून पार चपटा झाला. दिवस मावळताना मधला शेवटचा तुकडा पांढरा झाला आणि परात म्हणाली, "बघू का आता?" बघितलं, तर आत अख्खं आकाश.

दुसऱ्या सकाळी सातव्या गल्लीतून असं खणखणीत टण्ण आलं की कबुतरं उडाली. सगळ्या गल्ल्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

खट् आलंच नाही.

परातीने पुन्हा वाजवून घेतलं. टण्ण. काही नाही.

मग चौकातून भात्याचा चिरका आवाज आला, "अरे, या कुणीतरी! हिचे पाय मिटत नाहीयेत!"

सांडशी चौकात उभी होती, पाय फाकलेले, बिजागरी लालभडक गंजलेली. गाडीवर चढायला म्हणून पाऊल उचललं आणि तिथेच अडकली. "काही नाही, होईल," असंच म्हणत होती वेडी.

परात काठावर उभी राहिली. घराण्याचा मान गेला उडत! चमच्याला म्हणाली, "तू मागून ये." आणि ती चाकासारखी गडगडत निघाली. चौकात येऊन सांडशीजवळ उताणी पसरली आणि ओरडली, "फोडणीची भांडी कोण कोण आहात? तळाला तेल असेलच की रे चिकटलेलं! या!"

कढई आली, पळी आली, तेलाची बुधली आली, प्रत्येकीमध्ये एक हातगाडी जाईल एवढं अंतर. एकेकीने परातीत एक थेंब टाकला आणि मागे सरली. परातीच्या पांढऱ्या पोटात थेंबाला थेंब मिळत गेला. चमच्याने तेल उचललं, बिजागरीवर सोडलं. भात्याने उरलासुरला श्वास गोळा करून ते हळूच आत फुंकलं. मग पुन्हा तेल, पुन्हा फुंकर.

बऱ्याच वेळाने परात म्हणाली, "चमच्या, हिला वाजव."

सांडशी दचकली. "मला? मला कशाला?"

इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी टिचकी मारलीच नव्हती. चमच्याने मारली. थद्द. पुन्हा तेल, पुन्हा फुंकर. बारा गल्ल्यांतली भांडी आडवी पडून, तोंडं चौकाकडे करून ऐकत होती. चमच्याने पुन्हा मारली.

किण्ण.

सांडशीने दोन्ही पाय जवळ आणले. जड गेले, करकरले, पण मिटले.

खट्.

आणि पहिल्या गल्लीतून एक चमचा वाजला. मग दुसरीतून, तिसरीतून, पार बाराव्या गल्लीपर्यंत.