रॉकेलचा माठ

"मग उद्या पहिली ओंजळ कोण पिणार, बुवा?"

नवनाथने तिसऱ्यांदा विचारलं. सटवाबुवा चाकावर वाकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

नवनाथ आतून धुमसत होता. एवढा मोठा इंजिनिअर, आणि एका म्हाताऱ्या कुंभाराच्या होकारासाठी सकाळपासून ताटकळत बसला होता.

हिवरखडीच्या वेशीवर पूर्वी रंगाचा कारखाना होता. मालकाने वीस वर्षं सगळं तेल आणि रसायनं मागच्या खड्ड्यांत ओतली, आणि बोभाटा झाला तसा गाशा गुंडाळून पसार झाला. हरामखोर माणूस, दुसरा शब्द नाही. गावच्या विहिरीला वास यायला लागला, पोरांच्या अंगावर चट्टे उठले. तेव्हापासून गाव टँकरच्या पाण्यावर जगत होतं.

ती जमीन धुऊन काढायचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिचा नवनाथ हा मुख्य इंजिनिअर. इथलाच मुलगा. बुवांच्या मठीत, म्हणजे कुंभारवाड्यामागच्या याच एका खोलीत, तो अक्षरं गिरवायला शिकला होता. गळ्यातली माळही बुवांनीच घातलेली.

तीन वर्षं त्याने खड्डे उपसले, काळी पडलेली माती हलवली, जागोजागी बोअर मारून पंप बसवले. ते पंप अखंड चालत. खालचं पाणी वर खेचायचं, गाळून स्वच्छ करायचं आणि पुन्हा जमिनीत सोडायचं. आता कागदावर पाणी निर्मळ होतं. उद्या विहीर उघडणार होती आणि परवापासून टँकर बंद.

अडलं होतं गावाच्या रीतीपाशी. विहीर नवी असो की उपसलेली, मठीच्या बुवांनी पहिली ओंजळ प्यायल्याशिवाय तिच्यात कुणी घागर बुडवत नसे.

"तीन वेळा तपासलंय, बुवा. प्रयोगशाळेचे कागद आहेत."

चाक थांबलं. बुवा उठले, कोपऱ्यातला एक माठ उचलला आणि नवनाथपुढे आणून ठेवला.

"हा धू."

नवनाथने माठात डोकावून नाक मुरडलं. रॉकेलचा गळका डबा त्या माठात वर्षभर ठेवलेला होता, आणि डब्यातून गळलेलं सगळं माठाने पिऊन टाकलं होतं.

गुरूने सांगितलं, करणं भाग होतं. त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. राखेने घासलं, चिंचेने घासलं, कढत पाणी ओतलं, काथ्याने पुन्हा घासलं. हात लाल झाले. शेवटी माठ भरून लगेच त्यातलं पाणी तांब्यात ओतलं आणि तांब्या नाकाला लावला. वास नव्हता.

"घ्या. झाला स्वच्छ."

तो जरा हसलाही. धुण्याबिण्याच्या कामात त्याला कोण हरवणार.

बुवांनी तो माठ पुन्हा काठोकाठ भरायला लावला, वर ताटली झाकली आणि ते चाकावर जाऊन बसले.

"आता?"

"बस."

नवनाथ बसला. ऊन अंगणातून सरकत ओट्यावर आलं. फोन वाजत राहिला. मांडवाचं काय, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, बुवांनी हो म्हटलं का. दर फोनला तो 'होईल, होईल' म्हणत होता, आणि दर वेळी त्याची तळपायाची आग मस्तकात जात होती. परगावच्या मोठ्या सभांतून या कामावर भाषणं करून आलेला माणूस इथे माठाची राखण करत बसला होता. हे त्याने बुवांना बोलूनही दाखवलं.

बुवांनी एक मडकं उतरवलं आणि दुसरं चढवलं.

उन्हं कलली तेव्हा ते उठले. ताटली काढून त्यांनी तांब्या बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

नवनाथने तांब्या तोंडाशी नेला... आणि तसाच खाली घेतला.

रॉकेल.

"मघाशी नव्हता हा वास."

"मघाशी पाणी थांबलं नव्हतं."

नवनाथचं लक्ष माठाच्या ओल्या पोटाकडे गेलं.

"तुझं पाणी तपासलं, तवा पंप चालू व्हते का बंद?"

"...चालू होते."

"बंद ठिवून किती दिवस बघितलंस?"

नवनाथने पंप एक दिवसही बंद ठेवले नव्हते. चिकणमाती विष धरून ठेवते आणि पाणी थांबलं की हळूहळू परत सोडते, हे त्याला ठाऊक होतं. पंप बंद ठेवून वर्षभर वाट पाहायला हवी, हेही ठाऊक होतं. पण उद्याची तारीख वरून ठरून आली होती, आणि तिच्याआड यायची त्याची छाती झाली नव्हती. आपल्याच गावाच्या बाबतीत. त्याला स्वतःची शिसारी आली.

बुवांचे हात मातीने माखलेले होते.

"कारखान्यामागच्या तळ्याची माती म्या दोन वर्सं वापरली," ते म्हणाले. "हाताला लोण्यावानी लागायची. तिचे माठ केले, घरोघर दिले. माझ्या शब्दावर लोक त्यात पाणी भरून प्याले. बाळंतिणी प्याल्या. ...आन् आता तू माझ्याच ओंजळीनं त्यास्नी पुन्यांदा पाजायला आलास?"



फोन पुन्हा वाजला. या वेळी नवनाथने 'होईल' न म्हणता सांगितलं की उद्याचा कार्यक्रम रद्द, पंप आत्ता बंद करा, टँकर चालू राहू दे. पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता. नवनाथने ते सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. नोकरी बहुतेक गेली होती.

मग मात्र त्याचा तोल सुटला. वर्षभर कोण थांबणार, गाव थांबेल का, साहेब थांबतील का, आणि वर्षाने पुन्हा वास आला तर पुन्हा तीन वर्षं उपसायचं का, असं तो बोलतच सुटला. बोलता बोलता त्याने समोरच्या माठाला पाय लावला. पाणी हिंदकळलं.

"तुमचं बरं आहे, बुवा. हा नासला, तर फोडून टाकायचा."

बुवांनी माठ दोन्ही हातांनी सावरला. त्यातलं सगळं पाणी अंगणाबाहेर फरशीवर ओतलं आणि रिकामा माठ पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"फोडीन की. उद्या दुसरा घडवीन," ते म्हणाले. "तू जमिनीचं बोल."